संत्र्याचे नाव आणि सरकारचे काम



जागतिक करार म्हटला, की परदेशातल्या परिषदा आणि दिल्लीतली मंत्रालये डोळ्यांपुढे येतात. कळमेश्वरच्या संत्रा बागायतदाराचा त्यांच्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण संबंध आहे, आणि तो थेट संत्र्याच्या नावाशी आहे.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. भारत तिचा संस्थापक सदस्य. तिच्या बौद्धिक संपदाविषयक करारात एक अट आहे. एखाद्या गावाच्या वा प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाला त्याच्या मूळ देशातच संरक्षण नसेल, तर इतर देशांनी ते द्यावे असे बंधन नाही. म्हणजे आधी घरात कायदा हवा. आपल्या संसदेने तो १९९९ मध्ये केला. २००३ मध्ये तो अमलात आला आणि चेन्नईत नोंदणीचे कामकाज सुरू झाले. २०१४ मध्ये 'नागपूर संत्रा' हे नावही तिथे नोंदले गेले.

हेच ते भौगोलिक मानांकन. ते कुणा कंपनीला विकता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मानांकन मिळाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. हे नाव कायद्याने वापरायचे, तर प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. २०२० मध्ये त्याचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले. शुल्क उतरले, तरी अर्ज, पुरावे आणि पाठपुरावा उरतोच. तो शेतकऱ्याला समजावणार कोण? शिवाय बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकली, तर पेटीवर कोणते नाव लागेल, हे शेतकऱ्याच्या हातात राहत नाही.

म्हणून खरी कसोटी तालुक्याच्या पातळीवर आहे. सहायक कृषी अधिकाऱ्याने गावात बसून अर्ज भरून घ्यावेत, शेतकऱ्यांच्या गटांना प्रतवारी आणि पॅकिंगची सोय मिळावी, नकली नावाने माल विकणाऱ्यावर कारवाई व्हावी. करारावर सही दिल्लीने केली. पण त्याचा लाभ बागेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी गावाजवळच्या कार्यालयाची आहे. आणि श्रोतेहो, तिथे जाऊन आपला अर्ज मागणे, ही आपलीही जबाबदारी आहे.