स्तनाच्या कर्करोगाविषयीं दोन शब्द
(महोत्सवप्रसंगीं भगिनींच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं रोगाची वार्ता कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु हसनाबादच्या एका भगिनीनें आम्हांस जो प्रश्न विचारिला तो तिच्या एकटीचा नव्हे. तिच्याच संमतीनें तो येथें मांडितों. गांठ कर्करोगाची ठरली. डॉक्टरांनीं दोन मार्ग सांगितले. सासरच्यांनीं निर्णय आधींच करून ठेविला होता. ती म्हणाली, "फादर, सारा स्तन काढवूं कीं नुसती गांठ? आणि पुन्हां घडवून घेणें हें पाप का?"

पहिलें उत्तर शस्त्रवैद्यांचें. छातीच्या स्नायूंसह सारा स्तन काढण्याची अमेरिकेच्या हॉल्स्टेड यांची पद्धत १८९४ नंतर दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. पुढें इटलीचे वेरोनेझी व अमेरिकेचे फिशर यांनीं शेंकडों स्त्रियांवरून ताडून पाहिलें. वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. गांठ लहान असतां तेवढाच भाग काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया इतरांइतक्याच जगल्या. मग स्तन राखावाच, असें नव्हे. किरणोपचार म्हणजे कित्येक आठवडे शहरीं राहणें. कापूस वेंचणीला आला असतां लेंकरें कोणाकडे? गांठी अनेक ठिकाणीं असल्या तर तो मार्ग बहुधा उरतच नाहीं. ह्या कारणांनीं जिनें सारा स्तन काढविला तिनें चूक केली, असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र हा हिशेब तिनें मांडावा, सासूनें नव्हे.

दुसरा प्रश्न आमच्या अधिकारांतला. परमगुरु बारावे पायस यांनीं मृत्यूपूर्वीं अवघे पांच दिवस, ४ ऑक्टोबर १९५८ रोजीं, इटलीच्या शस्त्रवैद्यांपुढें हाच विषय घेतला होता. हेतु शुद्ध असतां शरीराचें व्यंग दूर करणें निषिद्ध नाहीं, असा त्यांचा अभिप्राय. पोटाच्या वा पाठीच्या मांसानें, किंवा सिलिकोनच्या साह्यानें स्तन घडवितात. त्याच वेळीं अथवा पुढें सवडीनें. पूर्वीची स्पर्शाची जाणीव मात्र त्यांत बहुधा येत नाहीं, हें आधींच विचारून घ्यावें. ५ फेब्रुवारीस जिचा सण आपण पाळितों त्या संत आगाथेचे स्तन छळकर्त्यांनीं तोडले आणि कारागृहांत संत पेत्रानें तिला बरें केलें, अशी परंपरा आहे. त्या बरें होण्यास कोणी नटवेपणा म्हटलें नाहीं.

त्या भगिनीनें सारा स्तन काढविण्याचें ठरविलें आहे. घडविण्याचें मागाहून पाहूं, म्हणते. येत्या मंगळवारीं तिला छत्रपति संभाजीनगरास जावयाचें आहे. जीप ठरली आहे. सोबतीस एक बाई हवी. सभा संपल्यावर आम्हांस भेटावें.