फिरतीचा खर्च कोणी सोसावयाचा?



वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या पटांगणात बसून माणसाने संतवाङ्मयावर ऐकावे, नाटकावर ऐकावे, फार तर चंद्रावरच्या स्वारीविषयी ऐकावे. मी मात्र आज टी. ए. बिलावर बोलणार आहे. सरकारी नोकर सरकारच्या कामासाठी परगावी जातो, तेव्हा त्याचे गाडीभाडे, दोन वेळचे जेवण आणि रात्रीचा निवारा यांचा खर्च कोणी, किती आणि कोणत्या पुराव्यावर द्यावयाचा, एवढाच माझा विषय. समोर जे नोकरीतले आणि पेन्शनर बसले आहेत, ते आताच गालातल्या गालात हसू लागले आहेत. बाकीच्यांना वाटेल, हा सरकार आणि त्याचे नोकर यांच्यातला घरगुती हिशेब आहे, यात आम्ही कशाला पडा? माझे म्हणणे नेमके उलट आहे. हा हिशेब चुकला की त्याची भरपाई तिसराच माणूस करतो, आणि तो तिसरा माणूस म्हणजे आपण.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नोकरांच्या वेतनाचा जो अध्याय आहे, त्यात दूताला योजनामागे दहा पण द्यावेत असे ठरवून दिले आहे. दहा योजनांपर्यंत हा दर; त्यापुढे शंभर योजनांपर्यंत दुप्पट. आजच्या भाषेत हा सरळ सरळ मैलभत्ता झाला. यातली दुपटीची अट मला फार शहाणपणाची वाटते. जवळचा प्रवास आणि लांबचा प्रवास यांत केवळ अंतराचा फरक नसतो. लांब गेलेल्या माणसाला परक्या गावी मुक्काम पडतो, ओळखीचे घर संपते, पावसाने नदी अडविली तर दोन दिवस तीरावर बसावे लागते. ज्याने हा नियम लिहिला, त्याने दूताच्या पायांकडे पाहून तो लिहिला असावा. आणि हे पण राजाच्या भांडारातून जावयाचे होते, हेही ध्यानात ठेवा.

पैसा भांडारातून गेला नाही म्हणजे काय होते, ते आपल्या मराठी दफ्तरांत पाहावे. तिथे ‘मसाला’ असा एक शब्द भेटतो. स्वयंपाकघरातला नव्हे. ज्याला हजर करावयाचे, त्याच्याकडे सरकारातून प्यादा धाडला जाई, आणि त्या प्याद्याच्या पायपिटीचा व पोटाचा पैसा त्याच माणसाकडून वसूल होई, तो मसाला. त्याचाच थोरला भाऊ ‘मोहसल’. सारा थकला की थकबाकीदाराच्या दारात शिपाई बसवीत. बाकी फिटेपर्यंत त्याने तिथेच राहावयाचे आणि घरधन्याने त्याला पोसावयाचे.

वरवर हे न्यायाचे दिसते. ज्याच्यामुळे खेप पडली त्याने खेपेचा खर्च द्यावा, यात काय वावगे? पण क्षणभर त्या शिपायाच्या जागी बसून पाहा. काम लवकर उरकले तर त्याचे जेवण तुटते. काम रेंगाळले तर त्याची चैन होते. ज्याच्याविरुद्ध तो आला, त्याच्याच ताटात तो जेवतो. अशा माणसाला सरकारचा नोकर तरी कसे म्हणावे? तो मग ज्याला उठ म्हणता येत नाही असा पाहुणा होतो.

इंग्रजी अमलात कागद वाढले, नियम वाढले, पण ओझे पुष्कळ ठिकाणी जुन्याच पाठीवर राहिले. कुमाऊंच्या डोंगरात चाकाची वाट नव्हती. तिथे साहेब फिरतीवर निघाला की गावकऱ्यांनी त्याचे सामान वाहावयाचे, आणि मुक्कामावर दूध, धान्य, लाकूडफाटा पुरवावयाचा. कुली-बेगार, कुली-उतार, बर्दायश अशी त्याची नावे होती. कोणाची पाळी कधी, याची वही गावोगाव ठेवलेली असे. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी त्या वह्या शरयू नदीत बुडविल्या आणि ही प्रथा मोडली. स्वातंत्र्याच्या चळवळीतला हा एक मोठा विजय, आणि तो मिळाला प्रवासखर्चाच्या प्रश्नावर!

आपल्या इकडे हे ओझे महारवतनाच्या नावाखाली वाहिले जात होते. सरकारी टपाल पोचविणे, खजिन्याबरोबर चालणे, आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला राहणे, हाक येईल तेव्हा रात्री-अपरात्री जाणे, आणि त्याबद्दल जमिनीचा एक तुकडा आणि गावाकडून थोडे धान्य. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल आणले, ते यासाठीच. त्यांचे म्हणणे साधे होते. काम सरकारचे असेल तर त्याचा पगार सरकारने द्यावा, आणि नोकराचा वेळ मोजलेला असावा. हे वतन रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. म्हणजे सरकारी फिरतीचा एक मोठा खर्च त्या सालापर्यंत एका समाजाच्या पायांवर टाकलेला होता. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नसे. दिसला नाही म्हणून तो नव्हता असे नव्हे.

आता ‘भत्ता’ या शब्दाकडे येतो. कंपनीच्या फौजेत तो पगाराइतकाच महत्त्वाचा होता. प्लासीनंतर मीर जाफरने बंगालच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता सुरू केला. क्लाइव्हने तो १७६६च्या आरंभी बंद केला, तेव्हा या अधिकाऱ्यांनी एकदम राजीनामे देण्याचा कट केला. क्लाइव्हने तो मोडून काढला. भत्ता एकदा लागला की तो हक्क होतो, हा धडा सरकारला तिथे मिळाला. पण दुसरी हकीकत मला अधिक बोलकी वाटते. सिंध परमुलूख होता, तोवर तिथे जाणाऱ्या देशी शिपायाला जादा भत्ता मिळे. १८४३ साली सिंध कंपनीच्या राज्यात सामील झाला, आणि तो आता परमुलूख नाही म्हणून भत्ता बंद! वाळवंट तेच, उन्हाळा तोच, घरापासूनचे अंतर तेवढेच. पालटला होता तो फक्त नकाशावरचा रंग. बंगालच्या काही पलटणींनी तिकडे जाण्यास नकार दिला, आणि १८४४ मध्ये ३४वी पलटण मोडून टाकण्यात आली. कारकुनाच्या लेखी खर्च संपला; शिपायाच्या लेखी तो होता तिथेच होता. प्रवासभत्त्याच्या पुष्कळशा भांडणांचे मूळ मला या एका हकीकतीत दिसते.

आज केंद्र सरकारच्या नोकरांना जे नियम लागू आहेत, त्यांचा पाया १ जानेवारी १९२२ रोजी घातला गेला. मूलभूत नियम आणि पूरक नियम अशी त्या पुस्तकांची नावे. त्यातल्या ४४व्या मूलभूत नियमात साऱ्या भत्त्यांचे तत्त्व एका वाक्यात आले आहे. ते असे की, भत्ता असा ठरवावा की एकंदरीत पाहता तो घेणाऱ्याला नफ्याचे साधन होऊ नये. तत्त्व उत्तम आहे. ‘एकंदरीत’ हा शब्द तर फार समंजस आहे. एखाद्या खेपेला चार रुपये उरले, दुसऱ्या खेपेला चार खिशातून गेले, तर त्याचा कीस काढू नका, असे तो सांगतो. परंतु त्या वाक्यात एक गोष्ट नाही. भत्ता तोट्याचे साधन होऊ नये, असे ते म्हणत नाही. खजिन्याच्या दारावर पहारेकरी बसविला. नोकराच्या खिशावर कोणी बसविला नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून दर ठरले. चौदाव्या स्तरावरचा किंवा त्यावरचा अधिकारी परगावी गेला तर हॉटेलसाठी दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत आणि जेवणासाठी १,२०० रुपये. पाचव्या स्तरावरच्या आणि त्याखालच्या नोकराला निवाऱ्यासाठी ४५० आणि जेवणासाठी ५००. महागाईभत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की हे आकडे पंचवीस टक्क्यांनी वाढावेत, अशी तरतूद आहे. महागाईभत्ता १ जानेवारी २०२४ पासून पन्नास टक्के झाला. ती वाढ धरली तर साडेचारशेचे सुमारे ५६३ होतात.

आता समजा, रत्नागिरी जिल्ह्यातला एक पोस्टमन खात्याच्या चौकशीत साक्षीदार म्हणून मुंबईला बोलावला. तो संध्याकाळी सातला घरून निघतो. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजावयाचा. म्हणून त्या दिवशी त्याची गैरहजेरी पाच तासांची झाली. सहा तासांच्या आत असेल तर जेवणाचे तीस टक्के, सहा ते बारा तासांना सत्तर टक्के, बारा तासांवर पूर्ण. (भुकेचे असे तीन वर्ग आयुर्वेदालाही सुचले नव्हते.) तरीही जेवणाचे भागेल, काटकसरी माणूस भागवील. पण ५६३ रुपयांत मुंबईत रात्रीपुरती खोली कोठे मिळते, हे ज्याला ठाऊक असेल त्याने मला सभेनंतर अवश्य भेटावे. तो पोस्टमन अर्थातच लालबागला मावशीकडे उतरेल. सरकारचा पाहुणचार मावशी करील.

इथे एक हिशेब मी मांडून पाहिला. तिसऱ्या स्तराचा पगार २१,७०० रुपयांपासून सुरू होतो, चौदाव्याचा १,४४,२०० पासून. म्हणजे पगारातले अंतर साडेसहा पटींहून थोडे अधिक. जेवणाच्या भत्त्यातले अंतर जेमतेम अडीच पट. आणि निवाऱ्यातले? सोळा पटींहून जास्त! पोटाच्या बाबतीत नियम बऱ्यापैकी समतावादी आहे. झोपेच्या बाबतीत तो सरंजामी आहे. वरिष्ठाला चांगली खोली मिळू नये, असे मी म्हणत नाही. त्याला सकाळी महत्त्वाच्या बैठकीला ताजेतवाने बसावयाचे असते. पण साक्ष द्यावयाला आलेल्या पोस्टमनलाही सकाळी डोळे उघडे ठेवावे लागतातच.

एका सुधारणेचे मात्र मी मनापासून स्वागत करतो. आठव्या स्तरापर्यंतच्या नोकराला मर्यादेच्या आत निवाऱ्याची पावती जोडावी लागत नाही. किती दिवस आणि कोठे राहिलो, हे लिहून खाली सही केली की पुरे. जेवणाचीही पावती नाही, ठराविक रक्कम मिळते. काहींना हा ढिलेपणा वाटतो. मला वाटत नाही. दरेक चहाची पावती मागणारे सरकार प्रामाणिकपणा वाढवीत नाही. ते पावत्या वाढविते. स्टेशनसमोरच्या खानावळीत कोरी पावती मिळते, हे हिशेब तपासणाऱ्यालाही ठाऊक असते आणि बिल करणाऱ्यालाही. दोघे मिळून एक खोटे वाक्य लिहितात आणि वाचतात. पाचशे रुपयांसाठी माणसाला खोटे लिहिण्याची सवय लावणे हा मला फार महाग सौदा वाटतो.

मग लबाडीला आळा कोणी घालावा? नियमाने ते काम नियंत्रक अधिकाऱ्यावर सोपविले आहे. १९५व्या पूरक नियमाप्रमाणे प्रवास गरजेचा होता काय, वारंवार झाला काय, मुक्काम लांबला काय, हे त्याने पाहावयाचे. भाडे बरोबर आहे काय, हे पाहणे सोपे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच पाहिले जाते. जाण्याचीच गरज होती काय, हा प्रश्न विचारण्याला मात्र धैर्य लागते. त्यातून पुष्कळ वरिष्ठ अधिकारी आपल्या फिरतीचे नियंत्रक स्वतःच असतात. खालच्या नोकरासाठी आठ किलोमीटरची रेघ आहे. ही पूर्वी पाच मैलांची होती. मैल गेले, रेघ राहिली. तिच्या आत दैनिक भत्ता नाही. वरच्याने स्वतःला विचारावयाच्या प्रश्नाला अशी कोणतीही रेघ नाही.

आणि मुदत? प्रवास झाल्यावर बिल एका वर्षात करावे, नाहीतर हक्क गेला, असा पूर्वी नियम होता. मार्च २०१८ मध्ये ही मुदत साठ दिवसांवर आणली. शिस्त म्हणून मला ती मान्य आहे. साठ दिवसांत माणसाला बिल करता येते. परंतु त्याच आदेशात कचेरीने किती दिवसांत पैसे द्यावेत, याचा उल्लेख नाही. नोकर एकसष्टाव्या दिवशी आला तर उशीर त्याचा, आणि कचेरीने सहा महिने लावले तर अनुदान आलेले नसते!

गावपातळीच्या नोकराला बिलाऐवजी दरमहा ठराविक कायम प्रवासभत्ता देतात, जसा आपल्याकडे तलाठ्याला. पद्धत सुटसुटीत आहे, कागद वाचतो. पण रक्कम वर्षानुवर्षे हलत नाही आणि पेट्रोल हलत राहते. अशा माणसाला पीकपाहणीला दूरच्या शिवारात जावयाचे असते. पदरमोड करून जाणारे आहेत, त्यांना मी हात जोडतो. पण नियम सज्जनांच्या पदरमोडीवर उभा करावयाचा नसतो. दुसरा माणूस जाणार नाही. चावडीत बसून पीक लिहील. तिसरा जाईल, पण ज्याच्या शेताचा पंचनामा करावयाचा, त्याच्याच मोटारसायकलवर बसून, आणि दुपारी त्याच्याच ओटीवर जेवून. मसाला आणि मोहसल परत आले, फक्त त्यांची नावे कोणी घेत नाही. ज्या शेतकऱ्याकडे गाडी नाही आणि ओटीही नाही, त्याचा पंचनामा कधी होतो, हे खेड्यातून आलेल्या श्रोत्यांना मी सांगावयाला नको.

आठवा वेतन आयोग २०२५ साली नेमला गेला आहे. पगार किती वाढणार, याचीच सध्या सगळीकडे चर्चा आहे आणि ती स्वाभाविक आहे. कर्मचारी संघटनांना माझी विनंती एवढीच की निवेदनाच्या शेवटच्या पानावर तीन ओळी या विषयाच्या घाला. नफा होऊ नये या शब्दांशेजारी तोटाही होऊ नये हे शब्द घालून घ्या. बिलाला जशी मुदत आहे तशी ते चुकते करण्यालाही मागा. आणि खालच्या स्तराच्या निवाऱ्याचा आकडा एखाद्या जिल्ह्याच्या गावी प्रत्यक्ष खोली भाड्याने घेऊन मग ठरवा.