रसग्रहणाचे गुण

श्रोतेहो, वाशिम जिल्ह्यांतील शिरपूर जैन हें गांव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें सर्वांस ठाऊक आहे. तेथील मूर्ति भूमीला न टेकतां राहिली आहे, अशी भाविकांची श्रद्धा. परंतु आज मी आपणांस मंदिरांत नव्हे, अशा गांवच्या शाळेंत नेणार आहें. दहावीच्या मराठीच्या परीक्षेंत कवितेचें रसग्रहण लिहावयास सांगतात. तें तपासावें कसें, हा आजचा विषय होय.

या परिसराचा या विषयाशीं जुना संबंध आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथांत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरींत झाल्याचें वर्णिलें आहे. काव्य व काव्यविचार यांची गांठ जेथें पडली, तेथील मुलांनीं कवितेविषयीं स्वतःचा विचार करावा, ही अपेक्षा कांहीं मोठी नव्हे.

त्याच ग्रंथांत काव्याच्या परीक्षकांचे चार प्रकार सांगितले आहेत. अरोचकी, ज्याला कांहींच रुचत नाहीं. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सर्व गिळतो. मत्सरी, ज्याला दुसऱ्याचा गुण सोसत नाहीं. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो मर्माला पोंचतो. हा चौथा हजारांत एखादाच.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढें आला म्हणजे पहिले दोघे आपल्यांतच जागे होतात. एक केवळ ऱ्हस्वदीर्घाच्या चुका वेंचीत बसतो; दुसरा 'भाषा साधी, सोपी व ओघवती आहे' हें गाइडांतील वाक्य दिसतांच पूर्ण गुण देतो. वास्तविक हें वाक्य कोणत्याहि कवितेस लागू पडतें, म्हणूनच तें एकाहि कवितेविषयीं कांहीं सांगत नाहीं.

आतां समजा, एखादी मुलगी लिहिते: 'कवीनें पाऊस पडला असें न म्हणतां पाऊस आला असें म्हटलें आहे. आमच्या वावरांत पाऊस पाहुण्यासारखाच येतो. म्हणून आई त्याची वाट पाहते.' तांबडी पेन्सिल 'वावर' या वऱ्हाडी शब्दापाशीं अडेल. पण दोन क्रियापदांतील अंतर या मुलीनें ओळखलें! आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्यें हीं तिन्ही तिच्या तीन वाक्यांत आलीं आहेत. मथळे मात्र नाहींत.

याचा अर्थ, मनापासून लिहिलेलें सर्वच चांगलें, असा नव्हे. दुसरा मुलगा कवितेचें निमित्त करून घरच्या नापिकीची हकीगत लिहील. ती वाचून शिक्षकाचें मन द्रवावें, हें योग्यच. परंतु रसग्रहण म्हणून तिला गुण थोडेच मिळतील. मूर्ति अंतरिक्षांत राहिली तर तो तिचा महिमा. मत अंतरिक्षांत राहिलें तर तो दोष. त्याला कवितेंतील शब्दाचा आधार हवा.

नमुना उत्तरें निरुपयोगी आहेत, असेंहि मी म्हणत नाहीं. परीक्षकाच्या लहरीपासून तीं मुलांचें रक्षण करतात. मात्र नमुना हा एक चांगला मार्ग समजावा, सांचा समजूं नये. शिक्षकानें समासांत एवढेंच विचारावें: 'हें कोणत्या शब्दावरून?' त्याचें उत्तर ज्या लेखांत सांपडेल, त्यास गुण द्यावेत, मग तें मत शिक्षकाच्या मताहून निराळें कां असेना.

गुण दोनचारच असतात. परंतु आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें लिहावें कीं दुसऱ्याचें पाठ करावें, हें मूल त्यांवरूनच ठरवितें. एकदां लपविलेली नजर पुढें सहसा उघडत नाहीं. तेव्हां श्रोतेहो, आपल्या मुलाची वही हातीं आल्यावर गुणांचा आंकडा पाहण्यापूर्वी त्याला विचारा: 'ही कविता वाचतांना तूं कोणत्या शब्दापाशीं थांबलास?'