नोंदणीचा कागद आणि पोटाचा प्रश्न

(असंघटित क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी कागदपत्रांचा वाटेल, पण तो लाखो कुटुंबांच्या चुलीशी निगडित आहे. लहान धंद्याची सरकारदरबारी नोंदणी झाली की गरिबी हटते, असे गेली अनेक वर्षे विकसनशील देशांना सांगितले जात आहे. या म्हणण्यात खरे किती आणि खोटे किती, हे आपण तपासले पाहिजे.

या विचाराला जगभर प्रसिद्धी मिळाली ती पेरू देशातून. अर्थतज्ज्ञ एर्नान्दो द सोतो यांच्या संस्थेने लिमा शहरात एक छोटा शिलाई कारखाना रीतसर नोंदवून पाहिला. त्याला २८९ दिवस लागले आणि खर्च आला किमान मासिक वेतनाच्या तीसपटीहून अधिक. १९८६ साली हा अनुभव पुस्तकरूपाने आला. गरीब माणूस कायदा मोडतो असे नव्हे, तर कायदाच त्याला दाराबाहेर ठेवतो, हा त्यातला मुद्दा योग्यच होता. आपल्याकडे परवान्यासाठी खेटे घालणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

परंतु पुढे या मुद्द्याचे काय झाले? जागतिक बँकेने २००३ पासून देशादेशांची तुलना करणारा अहवाल काढायला सुरुवात केली आणि पुढे त्यांची क्रमवारीही लावली. धंदा सुरू करायला किती दिवस लागतात याबरोबरच कामगाराला नोकरीवर घेणे आणि काढणे किती सोपे, यालाही गुण दिले गेले. कामगार संघटनांनी याला सतत विरोध केला. भारत १४२ व्या क्रमांकावरून ६३ व्या क्रमांकावर आला, याचा मोठा गाजावाजा झाला. अखेर आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर २०२१ साली बँकेनेच हा अहवाल बंद केला. गरिबाच्या नावाने सुरू झालेली गोष्ट मालकाच्या सोयीची कशी होते, याचे हे उदाहरण आहे.

आता श्रीलंकेचा अनुभव पाहा. तेथे संशोधकांनी लहान धंदेवाल्यांना नोंदणीची माहिती दिली, शुल्कही भरून देऊ केले. तरी नोंदणी वाढली नाही. दोन महिन्यांच्या नफ्याइतकी रक्कम देऊ केली तेव्हा सुमारे निम्मे लोक तयार झाले. नोंदणी केलेल्यांचा सरासरी नफा वाढलेला दिसला, पण ती वाढ मुख्यतः मोजक्या धंद्यांची होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. गरीब माणूस अडाणी म्हणून नोंदणी टाळतो असे नाही. त्या कागदातून हाती काय पडणार, याचा तो हिशेब करतो.

मग आपल्या देशात हाती काय पडते? १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी मोफत आणि आधारवर होते. तेव्हा दिवसांचा प्रश्न बराचसा सुटला. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत. नाही केले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हा हक्क मोलाचा आहे. पण ज्याचे सारे काम एकाच कंपनीकडून येते, तो एक लेथवाला तक्रार कोणत्या बळावर करणार? तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. म्हणून एकट्याच्या कागदाला संघटनेची जोड लागते.

फेरीवाल्यांच्या बाबतीतही हेच दिसते. २०१४ च्या कायद्याने विक्री प्रमाणपत्र दिले, सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणाला हटवू नये असे म्हटले आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांना दिल्या. त्यातील एक तृतीयांश स्त्रियांच्या. २०२० साली १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना आली, २०२५ मध्ये पहिला हप्ता १५,००० झाला. कर्ज उपयोगी आहेच. पण हातगाडी उचलून नेली तर ते फेडायचे कशातून? जागेची हमी नसलेली नोंदणी ही फक्त मोजदाद ठरते.

आता सर्वांत धोक्याची बाब. भविष्यनिर्वाह निधी वीस कामगारांवर लागू होतो, कर्मचारी विमा दहांवर. तो टाळण्यासाठी काही मालक कामगारालाच सांगतात, "तू तुझ्या नावावर नोंदणी काढ, बिल दे, पैसे घे." मशीन मालकाचे, कापड मालकाचे, वेळ आणि दर मालकाचा, आणि कागदावर कामगार मात्र उद्योजक! आमच्याकडे अशी प्रकरणे येतात. येथे नोंदणी गरिबी हटवत नाही, मालकाची जबाबदारी हटवते.

अशा वेळी आपण डगमगायचे कारण नाही. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुकड्यावर काम करणाऱ्या शिंप्यांना नोकर ठरवले होते. कामावर नियंत्रण कोणाचे, हे न्यायालयाने पाहिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची २००६ ची १९८ क्रमांकाची शिफारसही सांगते की, नाते ठरवताना प्रत्यक्ष परिस्थिती पाहावी, कराराचे शब्द नव्हेत. २०१५ च्या २०४ क्रमांकाच्या शिफारशीत तर असंघटिताला संघटित क्षेत्रात आणताना त्याची उपजीविका जपावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

१९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट आणि त्यांच्या सहकारी भगिनी 'सेवा'ची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला गेल्या, तेव्हा तुम्हाला मालकच नाही, मग संघटना कसली, असा आक्षेप निघाला होता. त्या हटल्या नाहीत आणि नोंदणी मिळवली. गरिबाला सर्वांत उपयोगी पडलेली नोंदणी कोणती, असे विचारले तर आम्ही एकजुटीच्या या नोंदणीकडे बोट दाखवू.

तेव्हा नोंदणीला आमचा विरोध नाही. आपल्या शाखांनी मात्र प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत. या कागदाने कोणता हक्क मिळतो? त्यामागे कोणी मालक लपतो आहे काय? आणि निर्णय घेणाऱ्या समितीत आपला माणूस आहे काय? जो खरोखर स्वतःचा धंदा करतो, त्याची नोंदणी करून द्या आणि थकलेले पैसे मिळवून देण्यासाठी त्याच्या पाठीशी उभे राहा. जो कामगार आहे, त्याला कामगार म्हणूनच नोंदवायला लावा. शिबिरातून परत गेल्यावर या महिन्यातच आपापल्या वस्तीत ही पाहणी सुरू करा, एवढीच विनंती.