नकोसे अपडेट आणि संगणकाच्या मालकाचा अधिकार



प्राथमिक शाळेच्या कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. यू-डायस प्लसची माहिती, शालार्थ प्रणालीतील वेतनाच्या नोंदी, विद्यार्थ्यांच्या याद्या ही कामे पुष्कळदा शाळा सुटल्यावर, शिक्षकाच्या घरच्या संगणकावर आणि मोबाइलवरून घेतलेल्या इंटरनेटवर पार पडतात. माहिती भरण्याची मुदत संपत आलेली असावी, अर्धी यादी टंकून झालेली असावी, आणि नेमक्या त्याच वेळी संगणक आपण होऊन बंद व्हावा व पडद्यावर 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' एवढाच मजकूर उमटावा, हा अनुभव अनेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. संगणक शिक्षकाचा, वीज त्याच्या घरची, इंटरनेटचे पैसेही त्याच्याच खिशातले. मग हे काम कोणाच्या हुकमाने सुरू झाले, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला, तर त्यात नवल नाही.

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर म्हणून रागाच्या भरात सर्वच अपडेट कायमचे बंद करून टाकण्याकडे अनेकांचा कल होतो. तो मार्ग धोक्याचा आहे. नकोसे अपडेट आवरणे व आवश्यक अपडेट वेळेवर घेणे ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. किंबहुना पहिले नीट साधले, तरच दुसरे निर्धास्तपणे करता येते.

अपडेटचे दोन प्रकार

पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेणे ही एक गोष्ट; आणि घरमालक गावाला गेला असता कोणी येऊन स्वयंपाकघर ओसरीवर व ओसरी परसात हलविणे ही निराळी गोष्ट. दोन्हींना 'घराची सुधारणा' हे एकच नाव देता येईल, पण मालकाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

संगणकाच्या अपडेटचेही तसेच आहे. पहिला प्रकार सुरक्षा-दुरुस्तीचा. प्रणालीत सापडलेली छिद्रे बुजविणे एवढेच तिचे काम. विंडोज या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून अशा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नियमाने प्रसिद्ध करीत आली आहे. भारतात त्या वेळी मंगळवारची रात्र झालेली असते. दुसरा प्रकार आवृत्ती-बदलाचा. त्यात प्रणालीचे रूप, कळांच्या जागा, काही वेळा जुने प्रिंटर व जुनी सॉफ्टवेअर चालण्या-न चालण्याची स्थितीही बदलते. पहिला प्रकार टाळू नये. दुसरा मालकाच्या सवडीने व संमतीने व्हावा. उबुंटू या मुक्त प्रणालीत साधारणपणे हाच विवेक दिसतो: सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतात, परंतु नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी मालकाला विचारले जाते.

२०१५-१६ चा धडा

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० ही आवृत्ती बाहेर पडली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती एक वर्ष विनामूल्य देऊ करण्यात आली. देणगी चांगली होती. देण्याची रीत मात्र चांगली नव्हती. आधी संगणकाच्या पडद्यावर, खाली कोपऱ्यात, आमंत्रणाचे एक लहान चिन्ह दिसू लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही नवी आवृत्ती 'ऐच्छिक' यादीतून 'शिफारस केलेल्या' यादीत गेली. परिणामी ज्या संगणकांवर शिफारस केलेली अपडेट आपोआप घेण्याची सोय चालू होती, तेथे काही गिगाबाइटांचे हे ओझे मालकाने न मागताच उतरू लागले. मे २०१६ मध्ये तर गोष्ट याही पुढे गेली. सूचनेची चौकट बंद करण्यासाठी कोपऱ्यातील लाल फुलीवर टिचकी मारली असता तो नकार न समजता, ठरलेल्या वेळी आवृत्ती बदलण्यास संमती समजला जाऊ लागला. वर्षानुवर्षे ज्या फुलीचा अर्थ 'नको' असा होता, तिचा अर्थ एका रात्रीत 'हो' असा झाला.

कॅलिफोर्नियातील प्रवास-व्यवसाय करणाऱ्या एका महिलेने, न मागता झालेल्या या बदलामुळे कामाचा संगणक निकामी झाल्याची तक्रार न्यायालयात नेली. तिला १०,००० डॉलर भरपाई मिळाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, परंतु अपीलही मागे घेतले. जून २०१६ च्या अखेरीस फुलीचा जुना अर्थ पूर्ववत् करण्यात आला आणि स्पष्ट नकार देण्याची सोय चौकटीत आली. तत्पूर्वी, त्याच वर्षी मार्च महिन्यात, स्टीव्ह गिब्सन या अमेरिकी प्रोग्रामरने 'नेव्हर टेन' नावाचे छोटे साधन विनामूल्य दिले होते. त्यात जादू काही नव्हती. आवृत्ती-बदल रोखण्याच्या ज्या नोंदी कंपनीनेच जाहीर केल्या होत्या, त्याच ते साधन सामान्य माणसासाठी करून देत असे, आणि सुरक्षा-दुरुस्त्यांना मुळीच हात लावीत नसे. नको ते नेमके अडवावे व हवे ते येऊ द्यावे, याचा हा नमुना होय.

सरसकट नकाराची किंमत

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे पाहिली पाहिजे. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर छिद्रावरची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. दोन महिन्यांच्या आत, १२ मे २०१७ रोजी, त्याच छिद्रातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणकांवरील फायली त्याने कुलूपबंद केल्या. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य-सेवेत रुग्णांच्या अंदाजे १९ हजारांहून अधिक भेटी रद्द कराव्या लागल्या. हा प्रोग्राम पसरण्यास कोणी चुकीच्या जागी टिचकी मारण्याचीही गरज नव्हती. दुरुस्ती न झालेला संगणक जाळ्यात सापडला की पुरे. जेथे मार्चची दुरुस्ती झाली होती, तेथे त्याला या वाटेने शिरता आले नाही.

जबरदस्तीने विश्वास जातो, आणि विश्वास गेलेला माणूस चांगल्या कामासाठी आलेल्यालाही दार उघडत नाही, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते.

तरीही सर्व दोष सावध मालकाच्या माथी मारता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चा एक आवृत्ती-बदल काही दिवसांतच थांबवावा लागला, कारण थोड्या संगणकांवर, विशिष्ट मांडणी असेल तेथे, मालकाच्या फायलीच पुसल्या जात होत्या. दोष काढून तो पुन्हा नोव्हेंबरमध्ये देण्यात आला. म्हणजे थोडे थांबणे हा हट्ट नव्हे, ती दक्षता आहे.

घरच्या संगणकावर करावयाची व्यवस्था

पुढील उपाय विंडोज ११ ला धरून दिले आहेत. हे सर्व प्रणालीतच असून त्यांसाठी बाहेरचे कोणतेही साधन लागत नाही.

१) काही काळ तहकुबी : 'सेटिंग्ज' मधील 'विंडोज अपडेट' या पानावर 'पॉज अपडेट्स' ही सोय आहे. तिने एक ते पाच आठवडे अपडेट थांबविता येतात. परीक्षेचा किंवा माहिती भरण्याचा काळ लक्षात घेऊन ती वापरावी. मुदत संपल्यावर साचलेली अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा तहकुबी मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. एरवी दुसऱ्या मंगळवारनंतर चार-आठ दिवस थांबून दुरुस्ती घेणे पुरेसे सावधपणाचे ठरते.

२) कामाचे तास : 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' स्वतः ठरवून द्यावेत. ते जास्तीत जास्त १८ तास ठेवता येतात. या वेळात अपडेटसाठी संगणक आपण होऊन पुन्हा सुरू होत नाही.

३) मोजका डेटा : मोबाइलवरून इंटरनेट घेणाऱ्यांनी त्या जोडणीच्या माहितीत 'मीटर्ड कनेक्शन' ही कळ चालू करावी. बहुतेक अपडेट मग आपोआप उतरत नाहीत. मात्र महिन्यातून एकदा, पुरेसा डेटा असेल तेव्हा, ती आठवणीने घ्यावीत; अन्यथा ही काटकसर महाग पडेल.

४) घाईची कळ बंद : नवे अपडेट तयार होताच सर्वांआधी मिळावे, अशा अर्थाची एक कळ 'विंडोज अपडेट'च्या पानावर आहे. ती बंद ठेवावी. 'प्रिव्ह्यू' असा शब्द असलेली अपडेट ऐच्छिक असतात. ती घेतली नाहीत तरी चालते.

५) आवृत्ती स्थिर ठेवणे : 'प्रो' प्रकारच्या विंडोजमध्ये 'ग्रुप पॉलिसी'द्वारे विशिष्ट आवृत्तीवर थांबता येते व तिच्यासाठीच्या सुरक्षा-दुरुस्त्या चालू राहतात. 'होम' प्रकारात ते साधन नाही. घर व प्रो या दोन्ही प्रकारांसाठी विंडोज ११ ची प्रत्येक आवृत्ती २४ महिने दुरुस्त्यांस पात्र असते. तो काळ संपला की तेथे अडून बसू नये.

६) माघारीची वाट : एखादे अपडेट त्रासदायक ठरले, तर 'अपडेट हिस्टरी' मधून ते काढता येण्याची सोय बहुधा असते. आवृत्ती बदलली असल्यास सामान्यतः १० दिवसांच्या आत 'रिकव्हरी' मधून पूर्वीच्या आवृत्तीवर परतता येते. तत्पूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतलेली असावी. तिच्यावाचून कोणतीच सावधगिरी पुरी होत नाही.

काय करू नये

अपडेटची अंतर्गत यंत्रणाच बंद पाडण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. प्रणाली ती यंत्रणा पुष्कळदा स्वतःच पुन्हा सुरू करते. आणि ती खरोखर बंद राहिली, तर सुरक्षा-दुरुस्त्याही थांबतात. अनोळखी ठिकाणाहून 'अपडेट रोखणारे' प्रोग्राम आणू नयेत. संकेतस्थळावर अचानक झळकणाऱ्या 'तुमचा संगणक जुना झाला आहे, येथे टिचकी मारा' अशा पाट्यांना बळी पडू नये. खरे अपडेट 'सेटिंग्ज' मध्येच तपासावे. अपडेट बसत असताना मध्येच वीज तोडू नये. जेथे वीजपुरवठा बेभरवशाचा आहे, तेथे लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच ते सुरू करावे.

विंडोज १० ची नियमित विनामूल्य सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांच्या घरी अद्याप तीच प्रणाली आहे, त्यांच्यापुढील प्रश्न अपडेट रोखण्याचा नसून सुरक्षित प्रणालीकडे जाण्याचा आहे. त्यांनी त्याचा निर्णय लांबणीवर टाकू नये.

शिक्षकाचे कर्तव्य

खेड्यातील अनेक घरांत पहिला संगणक आला की सल्ला विचारला जातो तो शाळेतील गुरुजींना किंवा बाईंना. म्हणून ही माहिती शिक्षकाने स्वतःपुरती ठेवू नये. पडद्यावर चौकट उघडली की वाचण्याआधीच टिचकी मारण्याची सवय मुलांना फार लवकर लागते. चौकटीतील मजकूर आधी वाचावा, त्याचा अर्थ विचारावा, मगच 'हो' किंवा 'नाही' म्हणावे, एवढी शिस्त इयत्ता चौथीच्या मुलासही शिकविता येते. न वाचता दिलेला होकार व न समजता दिलेला नकार, दोन्ही सारखेच अधुरे आहेत.

येत्या दुसऱ्या मंगळवारपूर्वी प्रत्येक शिक्षकाने आपल्या घरच्या संगणकाचे 'विंडोज अपडेट' हे पान एकदा उघडावे, कामाचे तास ठरवावेत, फायलींची प्रत काढावी आणि महिन्यातील एक सोयीचा दिवस दुरुस्तीसाठी नेमून ठेवावा. ज्याने दिवस स्वतः नेमला, त्याच्या कामात अपडेट आगंतुकासारखे येत नाही.