बाईचं वजन, कुणाचा दोष?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राला 'आरोग्य' असं नाव दिलंय. पण मी सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला फार दिवस झाले नव्हते. वस्तीतल्या आमच्या तपासणी शिबिरात एक मावशी आल्या. चाळिशीच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. वजन ७८ किलो, रक्तात साखर वाढलेली. डॉक्टरांनी सांगितलं, "खाणं कमी करा." मीही त्यांच्याच सुरात म्हटलं, "मावशी, जिभेवर जरा ताबा ठेवा." त्या काहीच बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांचं 'खाणं' मला कळलं. पहाटे चहा आणि बटर. कामाच्या घरी मिळेल ते शिळं. दुपारी पुन्हा साखरेचा चहा. रात्री दहानंतर, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेला भात आणि आमटीचं पाणी. आठवड्यातून दोन उपास, त्यात साबुदाणा. भाजी करायच्या, पण ती नवरा आणि मुलगा यांनाच पुरायची. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, कमी म्हंजी अजून किती कमी खाऊ?"

त्याच सुमारास आमच्या सल्ला केंद्रात एक आई सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी दिवसभर उपाशी राहायची, मग चोरून भराभर खायची आणि न्हाणीघरात जाऊन ओकून टाकायची. नातेवाइकांनी निकाल आधीच लावला होता: मुलीचे नखरे आणि नोकरी करणाऱ्या आईचं दुर्लक्ष.

एक बाई जाड, एक मुलगी खाल्लेलं ओकणारी. दोघींच्या बाबतीत समाजाचं उत्तर एकच, दोष तिचा. तिचा नसला तर तिच्या आईचा. हे उत्तर कितपत खरं आहे, एवढंच आज मला तपासायचं आहे.

आधी रक्तातून काय येतं ते पाहू. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. या माणसांची अंगलट ज्यांनी वाढवलं त्या आईबापांशी जुळली नाही, ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळली. १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन या संप्रेरकाचं जनुक शोधलं. शरीरात चरबीचा साठा किती आहे, हे लेप्टिन मेंदूला कळवतं. पुढे इंग्लंडमध्ये दोन अतिलठ्ठ मुलं सापडली. जनुकातल्या दोषामुळे त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं आणि त्यांची भूक भागतच नव्हती. बाहेरून लेप्टिन दिल्यावर भूक आवरली. असा दोष फार विरळा. पण भूक हे शरीराचं रसायन आहे, चारित्र्याचा दाखला नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. बहुतेकांमध्ये मात्र शेकडो जनुकं थोडा थोडा परिणाम करतात. २००७ साली सापडलेल्या एफटीओ जनुकाचा वजनवाढीचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला, तर वजन सरासरी ३ किलोंच्या आसपास जास्त भरतं, एवढंच.

खाण्याच्या विकारांचंही तसंच आहे. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या धास्तीने स्वतःला उपाशी मारत नेणारा आजार. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी तो एक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत त्याचा आनुवंशिक वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त दिसतो. २०१९ साली सुमारे १७,००० रुग्णांच्या तपासणीतून त्याच्याशी निगडित अशा जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या. त्यांचा संबंध मनाशी आहे तसाच शरीराच्या चयापचयाशीही आहे. म्हणजे 'आई नीट नव्हती म्हणून मुलगी जेवेना' हे वर्षानुवर्षं दिलं गेलेलं स्पष्टीकरण टिकत नाही.

पण 'निम्मा वाटा' याचा अर्थ नीट समजून घेऊ या. एका मुलीचा निम्मा आजार रक्तातला आणि निम्मा घरातला, असा तो हिशोब नाही. एका समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे, याचा तो अंदाज आहे. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. ज्वारीचं एकाच पोत्यातलं बियाणं काळ्या जमिनीत एक पीक देतं आणि मुरमाड रानात दुसरं. बियाणं खरं आहे आणि जमीनही खरी आहे.

आपल्या जमिनीची गोष्ट तर पुण्याजवळच घडली आहे. १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास. बाळांचं वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅम कमी. हातपाय काटकुळे, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार! अशा शरीराला पुढे शहर, बैठं काम, साखर आणि तेल मिळालं की वजन फार न वाढताही मधुमेह गाठतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी वजन-उंचीच्या निर्देशांकात २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं.

त्याच अभ्यासात आणखी काय दिसलं ते ऐका. हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. घरातल्या आणि शेतातल्या कामाचा बोजा जास्त असलेल्यांची बाळं लहान होती. म्हणजे 'परिस्थिती' मूल जन्मल्यावर सुरू होत नाही. ती गर्भात सुरू होते, आणि त्याही आधी, त्या आईच्या स्वतःच्या बालपणी, तिच्या ताटात भाजी पडत होती की नाही तिथे.

इथे मला एक धोका दिसतो. हे संशोधन हातात आलं की कुणीतरी म्हणणारच, बघा, आईनेच नीट खाल्लं नाही. पण सहा महिन्यांच्या पोटाने डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईने ते स्वतः ठरवलेलं असतं का? भाजी कुणाच्या ताटात जाईल, हे तरी तिच्या एकटीच्या हातात असतं का? विज्ञानाने दोष बाईच्या इच्छाशक्तीवरून काढला आणि आपण तो तिच्या गर्भाशयावर ठेवला, असं होता कामा नये.

आता त्या मुलीकडे येऊ. फिजी बेटांवर अंगाने भरलेली बाई पूर्वापार देखणी मानली जायची. तिथल्या एका भागात १९९५ साली टेलिव्हिजन आला. अमेरिकेच्या ॲन बेकर यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी ओकणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ च्या पाहणीत अशा मुली ११ टक्के होत्या. तीन वर्षांत जनुकं बदलत नाहीत. आणि टीव्ही पाहिलेल्या सगळ्याच मुली आजारीही पडल्या नाहीत. ज्या रक्तात दारूगोळा असतो तिथेच बहुधा ठिणगी पडते, पण ठिणगी बाहेरून येते. आपल्याकडे ती पडद्यावरून येते तशी कांदेपोह्यांच्या ताटलीबरोबरही येते. "मुलगी जरा जाड वाटते" हे वाक्य आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय? आणि किती जणींनी उच्चारलंय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात की १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या आहेत, जवळजवळ १९ टक्के गरजेपेक्षा बारीक आहेत, आणि ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे पुष्कळ जाड बायकाही कुपोषितच आहेत. माझ्या मावशी त्यांतल्याच एक. आता भूक आवरणारी इंजेक्शनं बाजारात आली आहेत. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावीत. पण रात्री दहाचं उरलेलं जेवण इंजेक्शनने बदलत नाही.

मग आपण करायचं काय? एक, शिबिरात वजनाचा आकडा सर्वांसमोर मोठ्याने वाचणं बंद करा. दोन, मुलींच्या अंगलटीवरची थट्टा आपल्या बैठकांतूनही हद्दपार करा. तीन, एखादी मुलगी जेवण टाळत असेल, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जात असेल, पाळी थांबली असेल, तर उपदेश न करता तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तिच्या आईला आरोपी करू नका, सोबतीला घ्या. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात जी उपचारपद्धती आकाराला आली, ती आईबापांना मदतनीस मानूनच चालते. चार, बचत गटात खर्चाचा हिशोब मांडतो तसा ताटाचाही मांडा: घरात भाजी, दूध, डाळ कुणाला किती मिळते?

आमच्या केंद्रात आलेली ती मुलगी दीड वर्ष उपचार घेत होती. आई दर वेळी सोबत यायची. आता ती बरी आहे, पण परीक्षा आली की अजून घाबरते. मावशींकडे मी पुन्हा गेले आणि माझं चुकलं असं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग आता ह्यांना सांगा की." नवऱ्याला सांगणं मला जड गेलं, सूनबाईला सांगणं सोपं गेलं असतं. आपण नेहमी सोपं ते करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून आमच्या तपासणीच्या फॉर्मवर वजन आणि उंचीच्या खाली एक प्रश्न वाढवला आहे: 'रात्री तुम्ही किती वाजता जेवता, आणि कुणाच्या नंतर?' तुमच्या फॉर्मवरही तो घाला. पुढच्या शिबिरात उत्तरं घेऊन या, त्यावर बोलू.