अपघाताचा हिशेब



कारखान्यात अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, "यंत्रावर कोण होता?" आम्ही कामगार चळवळीतली माणसे त्याच्या जोडीला दुसरा विचारतो: त्या दिवशी यंत्राकडून मागितलेले काम त्याच्याने होण्याजोगे होते काय? विमान-अपघाताच्या चौकशीतही हाच प्रश्न असतो.

26 एप्रिल 1993 ची दुपार घ्या. त्या वेळचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. मुंबईकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाने धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमीन सोडली. पुढे लगेच बीड रस्ता. त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता. गाठींचा ट्रक कसा भरतात, हे नरखेड-काटोलच्या माणसाला सांगायला नको. सुमारे 7 फूट उंचीवर विमानाचे डावे चाक व इंजिन ट्रकला धडकले. सुमारे 3 किलोमीटरवर विमान विजेच्या तारांना लागून कोसळले. 118 पैकी 55 माणसे गेली.

आता हिशेब मांडू. हवा तापली की विरळ होते. मग पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. म्हणून तेवढेच वजन घेऊन उठायला विमान पौषापेक्षा वैशाखात जास्त धावते. वजन, तापमान, वारा, धावपट्टी यांचे तक्ते असतात; त्यांवरून नाक उचलण्याचा वेग ठरतो. ताशी 250 किलोमीटर वेग धरला, तर एका सेकंदाच्या उशिरात सुमारे 70 मीटर धावपट्टी संपते. चौकशी करणारे हे तक्ते आणि विमानातल्या नोंदयंत्राच्या नोंदी शेजारी ठेवतात. विमान काय करू शकत होते, आणि त्याने काय केले? जो फरक दिसेल, त्याचे कारण वजनात, यंत्रात की हातात, ते मग शोधायचे.

येथे वैमानिकांचा दोष निघाला. नाक उशिरा उचलले आणि चुकीच्या रीतीने उचलले. तो आम्ही झाकणार नाही. पण अहवाल तेथे थांबला नाही. विमानाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक आवरली नाही, हा राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचा दोषही त्याने नोंदवला.

आपल्या जिनात उद्या कुणाचा हात अडकला, तर माणसाचे नाव लिहून कागद बंद करू देऊ नका. यंत्राची ताकद किती, काम किती मागितले, आणि आड घालायची जाळी कुठे होती, हेही त्यावर लिहायला लावा.